१९६७ मध्ये गोव्याची लोकसंख्या किती होती? एका हलत्या आलेखाचं प्रकरण

फोंड्यातल्या एका वाचनालयाने घटकराज्य दिनासाठी छोटं प्रदर्शन मांडलं होतं. जुने नकाशे, वर्तमानपत्रांची कात्रणं, जनमत कौलाचे तक्ते, आणि एका कोपऱ्यात टचस्क्रीनवर हलता आलेख: ‘गोव्याची लोकसंख्या, १९०० ते २०११’. तो एका कॉलेजच्या विद्यार्थिनीने केला होता, आणि लोक सर्वांत जास्त रेंगाळत होते ते तिथेच. रेघ डावीकडून उजवीकडे सरकायची. वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत वर्ष, त्याखाली पेट्रोल पंपाच्या मीटरसारखा शेवटच्या अंकापर्यंत पळणारा आकडा. बोट टेकवलं की सगळं जागच्या जागी थांबायचं.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी तो १९६७ वर थांबवला. आकडा होता ७,५५,६६७. शेजारच्या तक्त्यावर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचे आकडे लावलेले: मतदार ३,८८,४३२, झालेलं मतदान ३,१७,६३३, संघप्रदेश राहावा म्हणणारे १,७२,१९१, महाराष्ट्रात विलीनीकरण हवं म्हणणारे १,३८,१७०. त्यांनी वहीत भागाकार केला. एकूण माणसांत मतदार ५१.४ टक्के. तेव्हा मताधिकार २१ व्या वर्षी मिळायचा, म्हणजे जवळजवळ निम्मा गोवा २१ च्या आतला. गणित मांडून झाल्यावर त्यांनी टेबलापाशी बसलेल्या मुलीला साधाच प्रश्न विचारला, “हा सदुसष्टचा आकडा कुठल्या शिरगणतीतला?”

कुठल्याच नाही. गोव्यात पोर्तुगिजांनी शेवटची जनगणना केली १९६० मध्ये, आणि भारताची पहिली झाली १९७१ मध्ये. भारताच्या १९६१ च्या जनगणनेच्या वेळी गोवा भारतात नव्हताच, मुक्ती त्याच वर्षी १९ डिसेंबरला झाली. मधल्या अकरा वर्षांत कोणी माणसं मोजलेली नाहीत. ७,५५,६६७ हा आकडा संगणकाने दोन बिंदूंच्या मध्ये हालचाल दाखवायची म्हणून तयार केलेला होता.

वाचनालयाला सल्ला देणारे संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. गावात त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. त्यांचा मला फोन आला. मी पणजीत आलेख, नकाशे, माहितीपट्टे करण्याचं काम करते. सर म्हणाले, “मुलीने काम छान केलंय, तिला नाउमेद करायचं नाही. पण हा आकडा व्हॉट्सअॅपवर गेलाय. तो मागे कसा घ्यायचा ते नंतर बघू, आधी तो आला कसा ते बघ.”

एका वर्षाचे तीन आकडे

मोजणीचे मूळ आकडे मुलीने अचूक घेतले होते. गोव्याच्या जनगणना १९००, १९१०, १९२१, १९३१, १९४०, १९५०, १९६०, आणि मग १९७१ पासून दर दहा वर्षांनी २०११ पर्यंत. एकूण बारा. १९६० चा आकडा ५,८९,९९७ आणि १९७१ चा ७,९५,१२०. फरक २,०५,१२३.

हा फरक अकरा वर्षांत सारखा वाटला तर वर्षाला सुमारे १८,६५० माणसं वाढतात आणि १९६७ ला ७,२०,५३० येतात. चक्रवाढीने, म्हणजे दरवर्षी सारख्या टक्क्याने वाढ धरली तर ७,१३,३६५. लोकसंख्येसाठी दुसरी रीत जास्त योग्य, हे शाळेतल्या चक्रवाढ व्याजाच्या गणितावरूनही कळतं. दोन्हींत सातेक हजारांचा फरक. पण पडद्यावरचे ७,५५,६६७ या दोन्हींपासून फार लांब होते.

मुलीचा कोड उघडला तेव्हा उत्तर सापडलं. तिने डी-थ्री हे वेबपानावर आलेख काढायचं तयार साधन वापरलं होतं. त्यात एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना वेग कसा असावा हे आपण सांगितलं नाही, तर ते स्वतःची सवय लावतं: सुरुवातीला हळू, मध्ये जोरात, शेवटी पुन्हा हळू. याला ईझिंग म्हणतात. बटण सरकवायला, खिडकी उघडायला ते फार छान दिसतं, डोळ्यांना झटका बसत नाही. पण इथे सरकत होती माणसांची संख्या. म्हणजे ईझिंगमुळे गोव्याचा इतिहासच हळू-जोरात-हळू असा झाला होता.

ते जवळून बघण्यासारखं आहे. त्या आलेखात १९६० ते १९६१ या वर्षात गोव्यात वाढली फक्त ६१६ माणसं. १९६५ ते १९६६ या एका वर्षात ५१ हजार. आणि १९७१ जवळ येताना पुन्हा सगळं थंड. ज्या वर्षी साडेचारशे वर्षांची राजवट गेली, ते वर्ष पडद्यावर जवळजवळ निश्चल होतं. पुढच्या दशकातही तीच लय, त्याच्या पुढच्यातही तीच. दर जनगणनेच्या वर्षी गोव्याची वाढ थांबते आणि दोन जनगणनांच्या मधोमध उसळते, असं सरळ सरळ दिसत होतं. बघणाऱ्यांपैकी काहींनी त्याला कारणंही शोधून दिली होती. साठच्या दशकाच्या मध्यावर नोकरीसाठी लोक आले, असं एकाने मला तिथेच उभ्या उभ्या समजावलं. तसं झालंही असेल, पण त्या आलेखात दिसत होती ती डी-थ्रीची सवय.

ईझिंगचा आणि सरळ रेषेचा १९६७ चा फरक ३५,१३७ येतो. जनमत कौलातलं मताधिक्य होतं ३४,०२१. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही, हे मलाही कळतं. तरी फोंड्यात, ज्या विषयावर अजूनही एका घरात दोन मतं निघतात त्याच्या तक्त्याशेजारी, मताधिक्याहून मोठा फरक निव्वळ हालचालीच्या शैलीतून तयार होतोय, हे सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

अकरा वर्षं, नऊ वर्षं, सगळी चार सेकंदांची

दुसरी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. मुलीने प्रत्येक टप्प्याला चार सेकंद दिले होते. बारा जनगणना, अकरा टप्पे, चव्वेचाळीस सेकंद. पण हे टप्पे सारखे नाहीत. १९१० ते १९२१ अकरा वर्षं, १९३१ ते १९४० नऊ वर्षं, १९६० ते १९७१ पुन्हा अकरा.

परिणाम असा की १९२१ ते १९३१ मधली ३५,७८७ ची वाढ आणि १९३१ ते १९४० मधली ३५,६४४ ची वाढ पडद्यावर तंतोतंत सारखी दिसत होती. खरं तर दुसरी नऊ वर्षांतच झाली. वर्षागणिक बघितलं तर ३,५७९ वरून ३,९६०, म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढला. तो आलेखातून गायबच होता.

यात मुलीला बोल लावता येत नाही, कारण ही चूक छापील तक्त्यांतूनच येते. काही तक्त्यांत १९६० ची मोजणी १९६१ च्या रकान्यात बसवलेली असते, भारतातल्या बाकी राज्यांशी ओळ जुळावी म्हणून. मग १९६१ ते ७१ ची वाढ ३४.७७ टक्के अशी दिसते आणि आपण ती दहा वर्षांची समजतो. ती अकरा वर्षांची आहे. दहा वर्षांवर आणली तर ३१ टक्क्यांच्या आसपास उतरते. तरीही गोव्याच्या नोंदीतली ही सर्वांत वेगवान वाढींपैकी एक राहतेच, पण साडेतीन टक्क्यांचा फरक हा काही थोडा नाही.

असाच सापळा पायथन या संगणकीय भाषेतल्या पँडाजमध्येही, म्हणजे तक्ते हाताळायच्या साधनातही आहे. रिकाम्या जागा भरायचा नेहमीचा आदेश दिला की ते ओळींमधलं अंतर सारखंच धरतं, वर्षांकडे बघत नाही. समजा एखाद्या तालुक्याचा १९३१ चा आकडा नाही, तर ते १९२१ आणि १९४० ची बरोबर मधली संख्या भरून मोकळं होतं. १९३१ मात्र मध्यावर नाही, थोडं पलीकडे आहे. तारखेप्रमाणे भर, असं वेगळं सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तक्रारही येत नाही, हे जास्त त्रासदायक.

आम्ही घड्याळ बदललं. एक वर्ष म्हणजे ०.४ सेकंद, सगळीकडे. अकरा वर्षांना ४.४, नऊ वर्षांना ३.६. १११ वर्षांना एकूण साडेचव्वेचाळीस सेकंदांच्या आत, म्हणजे लांबी जवळपास तीच. जनगणनेच्या वर्षी रेघ क्षणभर थांबवावी, म्हणजे लोकांना आकडा वाचता येईल, असं सरांचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. थांबणं हेही ईझिंगच, डोळ्याला पुन्हा ‘इथे वाढ अडली’ असंच वाटणार. त्याऐवजी रेघ बिंदूवरून पुढे जाते आणि आकडा त्या बिंदूपाशीच चिकटून राहतो, वाचणाऱ्याने सावकाश वाचावा.

मध्ये काय दाखवायचं

सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या तर या आलेखात १,१०० हून जास्त फ्रेम होतात. त्यांतल्या बारा मोजलेल्या. बाकीच्या सगळ्या आपण केलेल्या. स्थिर आलेखात दोन बिंदू जोडणारी रेघ बघताना ती जोडणारी रेघ आहे हे डोळ्याला कळतं, बिंदू आणि रेघ वेगळे दिसतात. हलत्या आलेखात प्रत्येक फ्रेम एकटीच समोर येते, तिच्यावर वर्ष लिहिलेलं असतं आणि सहा-सात अंकी आकडा लिहिलेला असतो. थांबवून फोटो काढला की तो पुरावा होतो. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं होतं की हालचाल राहू दे, पण धावणारा आकडा काढून टाकू.

मुलगी हिरमुसली. “ताई, लोक तोच तर बघतात.” हे खरंच होतं. लहान मुलं तर तेवढ्यासाठीच परत परत येत होती.

मग बाकीचे मार्ग करून बघितले. पहिला, पायऱ्यांचा: आकडा १९६० चा तसाच धरून ठेवायचा आणि १९७१ ला एकदम वर न्यायचा. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा सगळ्यांत प्रामाणिक, जे मोजलं नाही ते दाखवायचंच नाही. वाचनालयातल्या चार लोकांना दाखवला. एक बाई चटकन म्हणाल्या, “एकाहत्तरात एवढे लोक एकदम आले?” गोव्यात बाहेरून येणाऱ्यांचा विषय किती नाजूक आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. ज्या आलेखाने खोटं बोलू नये म्हणून उडी मारली, त्याने एका रात्रीत दोन लाख माणसं गोव्यात आणून बसवली. तो मार्ग तिथेच संपला.

दुसरा, रेघ तोडायचा. डी-थ्री आणि चार्ट जेएस हे तसंच दुसरं साधन, दोन्हींत रिकामी जागा आली की रेघ सोडून देता येते. एक्सेललाही विचारता येतं की रिकामा खाना मोकळा सोडू, शून्य धरू की रेघेने जोडू. पण आमच्याकडे दर दोन बिंदूंमध्ये रिकामी जागाच होती. रेघ तोडली तर उरतात बारा ठिपके, आणि ते एकामागून एक उगवताना बघणं म्हणजे पावसाळ्यातली वीज येण्याची वाट बघणं. सरांना आवडलं, बाकी कोणाला नाही.

तिसरा, वळणदार रेघ. दिसायला सुंदर. पण सगळ्या बिंदूंमधून गुळगुळीत वळण काढणारी रेघ मोजलेल्या आकड्याच्या वर किंवा खाली झुलते. १९१० च्या आसपास आमची रेघ ४,८६,७५२ च्या वर गेली आणि तिने एक शिखर तयार केलं. तसं झुलू न देणाऱ्या रीती आहेत, डी-थ्रीमध्येही एक आहे, ती बिंदूंच्या बाहेर जात नाही. ती लावली. आणि तिथे एक वेगळाच पेच निघाला.

१९१० ला ४,८६,७५२ आणि १९२१ ला ४,६९,४९४. सतरा हजारांहून जास्त घट, साडेतीन टक्के. त्या दशकात सबंध भारताचीही लोकसंख्या किंचित घटली होती, जनगणनेच्या इतिहासात घट दाखवणारं ते एकच दशक, आणि १९१८ ची इन्फ्ल्यूएंझाची साथ हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. आता आमची शहाणी रेघ काय दाखवत होती? १९१० पासूनच लोक दरवर्षी थोडे थोडे कमी होत चाललेत. खरी गोष्ट कदाचित अशी की १९१७ पर्यंत संख्या हळूहळू वाढत गेली आणि मग एकदम कोसळली. म्हणजे मघाशी जे शिखर आम्ही खोटं म्हणून कापलं, तसं एखादं शिखर, थोडं पुढे, खरंच असू शकतं. पण ते आपल्याला मोजणीतून कळलेलं नाही, आणि गोव्याची माणसं तेव्हा मुंबईला, आफ्रिकेला जात होती हेही त्यात मिसळलेलं. कोणत्याही अंतर्वेशनाला, म्हणजे दोन माहीत बिंदूंमधली जागा हिशोबाने भरण्याला, साथ माहीत नसते.

सरांनी इथे जो निर्णय दिला तो मला पटला. मधली रेघ सरळच, पण तुटक आणि फिकी. वळण नाही, कारण वळण काढलं की ‘आम्हाला आकार माहीत आहे’ असा दावा होतो. सरळ तुटक रेघ बघणाऱ्याला आपोआप सांगते की हे फक्त जोडकाम आहे. मोजलेला बिंदू ठळक, भरीव. आणि १९१८ वर एक छोटी उभी खूण: ‘इन्फ्ल्यूएंझाची साथ. या दशकात मध्ये मोजणी नाही.’ कोसळणं रेघेत काढायचं नाही, शब्दांत सांगायचं. सरळ रेघेपेक्षा चक्रवाढीची रेघ जास्त बरोबर, असं मी एकदा म्हणून बघितलं. सर हसले. “नऊ-दहा वर्षांच्या तुकड्यात त्या दोघींमधला फरक पडद्यावर दिसणार तरी आहे का तुला?” लांबून बघितलं तर दिसत नव्हता.

धावत्या आकड्याचं काय झालं

इथे आमचा खरा वाद झाला. मुलीला आकडा हवा होता, मला नको होता, सरांना ‘योग्य रूपात’ हवा होता.

शेवटी ठरलं ते असं. कोपऱ्यात वर्ष धावतं. त्याखाली लिहिलेलं असतं ‘शेवटची मोजणी १९६०: ५,८९,९९७’, आणि १९७१ येताच ते बदलतं. एवढ्याने मुलांचं समाधान होणार नाही हे उघड होतं, म्हणून वर्षाची चकती वेगाने फिरती ठेवली. खेळ तिथे आहे, आकड्यात नाही. मधल्या वर्षावर कोणी बोट टेकवलं तर एक पट्टी उघडते: ‘या वर्षी मोजणी झालेली नाही.’

त्या पट्टीत पुढे काय लिहावं यावर सर आणि मी बऱ्यापैकी भांडलो. त्यांचा पहिला मसुदा होता: ‘अंदाजे ७.१ ते ७.२ लाख’. सरळ रीत एका टोकाला, चक्रवाढ दुसऱ्या टोकाला. मला ते पटेना. दोन रीतींमधलं अंतर म्हणजे आपल्या अज्ञानाची रुंदी नव्हे. दोन्ही रीती एकच गोष्ट गृहीत धरतात, की अकरा वर्षांत वाढीची चाल बदलली नाही. आणि नेमकी त्याच अकरा वर्षांत राजवट बदलली. मुक्तीआधीची आणि नंतरची चाल वेगळी असेल तर खरा आकडा त्या अरुंद पट्टीच्या बाहेर सहज जाऊ शकतो. ‘७.१ ते ७.२’ लिहिलं की वाचणारा म्हणणार, वा, दहा हजारांच्या आत माहीत आहे यांना.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि मान्य केलं, पण अर्धवट. आता पट्टीत आहे: ‘सुमारे ७ लाख, वाढ एकसारखी होती असं धरून’. एकच अंक. लाखाच्या खालचं काही नाही. बँकेतल्या गृहस्थांना आम्ही हे मुद्दाम दाखवलं. त्यांनी पुन्हा भागाकार केला आणि म्हणाले, “म्हणजे मतदार निम्म्याहून थोडे जास्त, एवढंच म्हणायचं.” एवढंच म्हणता येतं. ५१.४ मधला दशांशही गेला आणि त्यावरचा युक्तिवादही.

रिकामा खाना नेहमी एकाच अर्थाने रिकामा नसतो

प्रदर्शनात दुसरा एक पडदा होता तालुक्यांचा, आडव्या पट्ट्यांचा. त्यात सासष्टी सगळ्यांत वर, २०११ ला २,९४,४६४, मग बार्देश २,३७,४४०, अशा पट्ट्या एकमेकींना ओलांडत पुढे जात. आणि तळाला सबंध वेळ एक पट्टी: धारबांदोडा, ०. कुळेहून आलेल्या एक बाई त्याच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, “आमच्याकडे काय माणसं राहातच नव्हती?”

२०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत तालुके अकराच आहेत. धारबांदोडा हा बारावा, मुख्यतः सांग्यातून वेगळा काढलेला. मुलीने आजची बारा नावं लिहून घेतली आणि धारबांदोड्याची ओळ रिकामी ठेवली, आकडा मिळाला नाही म्हणून. तिने शून्य कुठेच लिहिलेलं नव्हतं. जावास्क्रिप्टला, म्हणजे तिचा कोड ज्या भाषेत होता तिला, रिकाम्या खान्याचा आकडा करायला सांगितला की ते गुपचूप शून्य देतं, आणि शून्य आलं की पट्टीही काढली जाते. ‘माहीत नाही’ चं ‘कोणी नाही’ झालं ते या एका पायरीवर. ती माणसं त्याच पडद्यावर होती, सांग्याच्या ६५,१४७ मध्ये. पट्टीवर आता ‘सांगे, आजच्या धारबांदोड्यासह’ असं लिहिलंय आणि बारावी पट्टी काढलीय.

खाणींचा तिसरा आलेख अजून कागदावरच होता, पण त्यात याच्या नेमकं उलट होणार होतं. खनिजाच्या तक्त्यात २०१३ च्या आसपासचे काही खाने रिकामे होते. तिथे मोजणी राहून गेली नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द होऊन उत्खनन पुन्हा थांबलं. तिथे दोन बिंदू सरळ रेघेने जोडले तर डिचोली-सांग्यातल्या ट्रकमालकांना तुम्ही सांगताय की तुमचं काम फक्त थोडं कमी झालं होतं. तिथे रेघ खाली पडलीच पाहिजे. म्हणून मुलीच्या तक्त्यात आम्ही आकड्याशेजारी एक रकाना वाढवला: मोजलं, मोजलं नाही, काम बंद, दुसऱ्यात धरलंय. कोड आता खाना रिकामा आहे का ते बघत नाही, हा रकाना वाचतो. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत कमी वेळ याला लागला आणि माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला.

दमण-दीव

सरांनी घरून एक जुना सरकारी तक्ता आणला. त्यात १९७१ चा आकडा ८,५७,७७१ आणि १९८१ चा १०,८६,७३०. आमच्याकडे ७,९५,१२० आणि १०,०७,७४९. मुलगी घाबरली. फरक काढला: ६२,६५१ आणि ७८,९८१. ही दमण आणि दीवची माणसं. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाला तोपर्यंत तिन्ही मिळून एकच संघप्रदेश होता, त्यामुळे जुन्या तक्त्यांत बेरीज एकत्र येते.

कोणी १९८१ या तक्त्यातून आणि १९९१ (११,६९,७९३) नंतरच्या तक्त्यातून घेतला तर दहा वर्षांची वाढ दिसते ७.६ टक्के. गोव्यापुरती खरी वाढ १६.१ टक्के. आणि हलत्या आलेखात ही फट दिसतसुद्धा नाही, ती दोन बिंदूंच्या मध्ये विरघळून जाते. स्थिर तक्त्यात निदान एखादी तळटीप असते. हद्द बदलली असेल तर दोन बिंदूंच्या मधली जागा भरायचा प्रश्नच येत नाही, आधी दोन्ही बिंदू एकाच जमिनीवर आणावे लागतात. आमचे आधीपासून तसे होते, हे नशीब. तरी १९८७ वर एक उभी खूण टाकली, कारण घटकराज्य दिनाच्याच प्रदर्शनात तो दिवस तुटक रेघेखाली झाकून जाणं बरं दिसलं नसतं.

२०११ च्या पुढे

एका समिती सदस्याची इच्छा होती की रेघ आजपर्यंत यावी. “एवढी वर्षं दाखवता आली, तर पुढची पंधरा का नाही?” मागच्या सगळ्या गॅपना दोन्ही बाजूंना मोजलेला बिंदू होता. इथे एकाच बाजूला आहे. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली, आणि आता १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरली आहे. म्हणजे सोळा वर्षांची मोकळी जागा, आमच्या सबंध आलेखातली सर्वांत मोठी. रेघ २०११ ला, १४,५८,५४५ वर थांबते. आडवा अक्ष मात्र २०२७ पर्यंत पुढे जातो, वर्षाची चकतीही फिरत राहते, रेघ येत नाही. त्या सहा-साडेसहा सेकंदांत लोक पडद्याला बोट लावून बघतात, बंद पडला की काय म्हणून. सदस्यांना ते अजून खटकतं. सरांना तेच हवं होतं.

व्हॉट्सअॅपवरचा ७,५५,६६७ आम्ही मागे घेऊ शकलो नाही. वाचनालयाने त्याच गटांत नवीन पडद्याचा फोटो टाकला, १९६७ वर थांबवलेला, ‘मोजणी झालेली नाही’ ची पट्टी उघडलेली. पहिल्याइतका तो फिरला नाही.

मुलीकडे आता एक काम उरलंय. २०२७ चे आकडे बारा तालुक्यांचे येतील आणि आमचा मागचा सगळा हिशोब अकरांचा आहे. तेव्हा धारबांदोड्याची पट्टी २०११ पासून खरी दाखवायची असेल तर २०११ चे गावनिहाय आकडे घेऊन आजच्या हद्दीप्रमाणे पुन्हा बेरजा कराव्या लागतील. तिने गावांची यादी करायला घेतली आहे, कुळे आणि मोले यांपासून.